गोळ्यांचा हिशेब: मेडिकलच्या काउंटरपासून औषध कारखान्यापर्यंत

औषध दुकानातल्या हजारो औषधांपैकी थोडीच अशी असतात, की जी रुग्णाला आधार देतात आणि गैरवापर झाला तर धडधाकट माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त करतात. झोपेच्या व चिंता कमी करणाऱ्या गोळ्या, अफूच्या वर्गातली वेदनाशामके, कोडीन असलेली खोकल्याची सिरपे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरण्यासाठी दिली जाणारी काही इंजेक्शने ही त्यांतली प्रमुख. ही औषधे कोणी विकली, कोणाच्या चिठ्ठीवर विकली, कोणाला आणि किती दिली, याची नोंद ठेवणे, ती नोंद तपासणे आणि हिशेब जुळला नाही तर कारवाई करणे म्हणजे औषध विक्रीवरील देखरेख. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या एफडीएकडे असते. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त (औषधे) आणि त्यांच्या हाताखालचे औषध निरीक्षक ते पाहतात.

ही देखरेख किती कठीण आहे, हे सोलापूरच्या भूगोलावरूनच लक्षात येते. पुणे-हैदराबाद महामार्ग शहरातून जातो. विजयपूरकडे आणि धुळ्याकडे जाणारा दुसरा महामार्ग त्याला येथेच भेटतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढा या तालुक्यांच्या शिवेला कर्नाटक लागते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सिव्हिल हॉस्पिटल आणि खासगी रुग्णालयांमुळे धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर या भागांतले रुग्ण उपचारासाठी सोलापूर गाठतात. त्यामुळे येथल्या मेडिकलच्या काउंटरवर दोन-तीन जिल्ह्यांच्या आणि दोन राज्यांच्या चिठ्ठ्या रोज येतात. त्यात भर म्हणजे शहराच्या आसपास औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखानेही आहेत. औषध जिथे तयार होते आणि जिथे गिऱ्हाइकाच्या हातात पडते, अशी साखळीची दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात सापडतात.

या औषधांची सवय लागते कशी, हे समजल्याशिवाय त्यांच्यावर नजर कशासाठी, हे कळत नाही. डायझेपाम, अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन गटातली औषधे. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम ती वाढवतात. या गटातले पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले. डायझेपाम १९६३ मध्ये आले. त्याआधीच्या बार्बिच्युरेट गोळ्यांचा जादा डोस सहज जीव घेत असे, म्हणून या नव्या गोळ्यांचे डॉक्टरांनी मनापासून स्वागत केले. सवयीचा धोका लक्षात यायला काही वर्षे गेली. काही आठवडे रोज घेतल्यावर शरीर त्या गोळीला सरावते, तेवढ्याच परिणामासाठी डोस वाढवावा लागतो, आणि गोळी एकाएकी थांबवली तर झोप उडते, जीव घाबरा होतो, प्रसंगी फिट येते. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून जिचे नाव पसरले ती अल्प्राझोलमच. मुंबईत आणि छत्रपती संभाजीनगरात ‘बटण’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बहुतेकदा नायट्राझेपाम असते. दारूच्या बाटलीपेक्षा अशी गोळी स्वस्त पडते, तिला वास येत नाही आणि खिशात मावते. शाळा-कॉलेजातल्या मुलांपर्यंत ती पोचण्याचे कारण एवढेच आहे.

अफूवर्गीय औषधांचा धोका याहून मोठा. खोकल्याच्या सिरपमधल्या कोडीनचे यकृतात काही प्रमाणात मॉर्फिन होते. बाटलीच्या बाटली एका दमात पिणाऱ्याला हवी असते ती खोकल्यावरची मात्रा नव्हे, हे मॉर्फिन. ट्रामाडॉल हे हाडांच्या, शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर नेहमी लिहून दिले जाणारे औषध. मोठ्या मात्रेत ते फिट आणते आणि श्वास दाबते. मेफेन्टरमिनची गोष्ट वेगळीच आहे. पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरला, तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन देतात. अलीकडे पश्चिम महाराष्ट्रात व्यायामशाळेत जाणारी काही मुले जोर वाढवण्यासाठी ते टोचून घेऊ लागली आणि पुणे, सांगली, कोल्हापूर भागांत पोलिसांनी त्याचे साठे पकडले. निरोगी हृदयावर अशा औषधाचा मारा केल्यास ठोके बिघडतात, रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जातो.

गैरवापराचा आकार किती मोठा आहे, याचा अंदाज केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून येतो. १० ते ७५ वर्षे वयोगटातल्या १.०८ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख माणसांनी, गुंगीच्या औषधांचा वैद्यकीय कारणाशिवाय वापर केला होता. औषध म्हणून बनवलेल्या अफूवर्गीय पदार्थांचा असा वापर करणारे ०.९६ टक्के होते. गुंगीची औषधे घेणाऱ्यांची संख्या सर्वाधिक असलेल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. हेरॉइनच्या बातम्या पहिल्या पानावर येतात, पण कायदेशीर कारखान्यात तयार झालेली, छापील किमतीची, परवानाधारक दुकानापर्यंत पोचलेली गोळीही तितकीच पसरलेली आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

कायद्याने या औषधांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. १९४० चा औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम हा त्याचा पाया. ‘शेड्यूल एच’मधले औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ‘शेड्यूल एक्स’ ही सर्वांत कडक पायरी. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, औषध कुलपात ठेवावे लागते, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि तिची एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते. केटामाइन, मिथाइलफेनिडेट, अँफेटामाइन ही या यादीतली नावे. या दोहोंच्या मधली पायरी ‘शेड्यूल एच-वन’. तिची अधिसूचना ऑगस्ट २०१३ मध्ये निघाली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधे होती. ही यादी मुळात प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराला आवर घालण्यासाठी सुचवली गेली होती, म्हणून तिच्यात सेफालोस्पोरिन, कार्बापेनेम आणि क्षयरोगाची औषधे भरपूर दिसतात. पण अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन हीही तिच्यात आली. क्लोनाझेपामला त्या मूळ यादीत जागा मिळाली नाही, ही तिची मोठी उणीव. कारण बाजारात बेंझोडायझेपिन गटातल्या सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत क्लोनाझेपामची गणना होते.

याच औषधांपैकी अनेकांना दुसराही कायदा लागतो: १९८५ चा गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे एनडीपीएस. ट्रामाडॉल त्याच्या कक्षेत आले ते एप्रिल २०१८ मध्ये. या दोन कायद्यांतल्या शिक्षेचे अंतर प्रचंड आहे. नोंदवही न ठेवल्याबद्दल औषध कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान वीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. एनडीपीएसखाली व्यापारी प्रमाणात माल सापडला तर किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि जामीन मिळणेही दुरापास्त. अल्प्राझोलमचे व्यापारी प्रमाण आहे १०० ग्रॅम. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतले केवळ औषध मोजले तर १०० ग्रॅमसाठी दोन लाख गोळ्या लागतील. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एप्रिल २०२० मध्ये निर्णय दिला, की मिश्रणातला तटस्थ पदार्थही वजनात धरायचा. गोळीचे एकूण वजन धरले, तर १०० मिलिग्रॅमच्या हजार गोळ्यांतच ते प्रमाण गाठले जाते. त्याआधी २०१४ मध्ये याच न्यायालयाने आणखी एक पळवाट बंद केली होती: एनडीपीएस नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पदार्थाचे नाव नाही, म्हणून त्याचा बेकायदा व्यवहार गुन्हा ठरत नाही, हा बचाव टिकणार नाही. परवाना, चिठ्ठी आणि नोंद या तिन्हींच्या आत राहणाऱ्या केमिस्टला या कायद्याची भीती नाही. त्यातले एकही सुटले, की तीच गोळी अमली पदार्थ ठरू शकते.

सगळ्या देखरेखीचा कणा म्हणजे एच-वन रजिस्टर. औषध देतानाच त्यात डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेली संख्या लिहायची. वही तीन वर्षे ठेवायची आणि निरीक्षकाने मागितली की दाखवायची. औषधाच्या वेष्टनावर लाल अक्षरांतली आरएक्स ही खूण आणि लाल चौकटीतला इशारा असतो, त्यावरून हे औषध या वहीत जाते, हे गिऱ्हाइकालाही ओळखता येते. चिठ्ठीबाबत नियमाने आणखी एक साधी, पण मोलाची सोय केली आहे. औषध दिल्यावर डॉक्टरच्या सहीच्या वर दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख घालायची. हा शिक्का नीट मारला, तर एकच चिठ्ठी घेऊन चार दुकाने फिरणाऱ्याचा मार्ग तिथेच खुंटतो. डॉक्टरने पुन्हा देण्याविषयी लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे असते. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवून औषध नेण्याची सवय करोनाच्या काळापासून वाढली आणि हा शिक्का मारायला कागदच उरला नाही. देखरेखीला पडलेल्या भगदाडांत हे सर्वांत मोठे, आणि त्याकडे लक्ष सर्वांत कमी.

निरीक्षक दुकानात आल्यावर केवळ रजिस्टर चाळत नाही. तो तीन आकडे समोरासमोर ठेवतो: स्टॉकिस्टकडून आलेल्या खरेदीच्या बिलांवरचा, रजिस्टरातल्या विक्रीचा आणि कपाटातल्या शिल्लक मालाचा. समजा, एका दुकानाने वर्षात अल्प्राझोलमच्या दहा-दहा गोळ्यांच्या ३,००० पट्ट्या घेतल्या. रजिस्टरात ९०० पट्ट्यांची विक्री आहे, कपाटात १०० आहेत. मग उरलेल्या २,००० पट्ट्या, म्हणजे २०,००० गोळ्या, कुठे गेल्या? याचे उत्तर दुकानदाराने द्यायचे असते. आकडे जुळत असतील तरी वहीच पुष्कळ काही सांगते. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेल्या. एकाच डॉक्टरचे नाव पानामागून पान. प्रत्येक रुग्णाला नेमक्या तेवढ्याच पट्ट्या. पत्ता नुसता ‘सोलापूर’. अशी वही खोटी आहे, हे सरावलेल्या नजरेला लगेच कळते. मग त्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक तपासायचा, त्याने खरोखर अशा चिठ्ठ्या दिल्या का, हे विचारायचे. कधी बनावट ग्राहक पाठवून चिठ्ठीशिवाय गोळी मिळते का, ते पाहायचे. दोष आढळला तर कारणे दाखवा नोटीस, मग परवाना काही दिवसांसाठी निलंबित, आणि गुन्हा मोठा असेल तर परवाना रद्द व फौजदारी खटला.

रजिस्टराची मांडणी चांगली आहे. दुखणे आहे ते माणसांचे. पहिले माणूस फार्मासिस्ट. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच, किंवा त्याच्या देखरेखीखालीच, द्यायला हवे. प्रत्यक्षात भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर उभा दुसराच, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. प्रमाणपत्र भाड्याने देणारा फार्मासिस्ट आपली पदवीच विकत असतो. त्या दुकानातली सारी देखरेख त्याच क्षणी संपते. महेश झगडे २०११ ते २०१४ या काळात एफडीएचे आयुक्त होते, तेव्हा त्यांनी ‘फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही, चिठ्ठी नाही तर औषध नाही’ हा नियम राज्यभर कडकपणे लावला. केमिस्टांच्या संघटनेने त्याविरुद्ध २०१३ मध्ये बंद पुकारला. फार्मासिस्टांचा तुटवडा आहे आणि किरकोळ चुकीवरही परवाने निलंबित होतात, अशी त्यांची तक्रार होती. तिच्यातही काही तथ्य होते. पण त्या काळात गिऱ्हाइकाला बिल मागायची आणि दुकानदाराला चिठ्ठी मागायची सवय लागली, हे त्या कारवाईचे श्रेय मान्य करायलाच हवे.

दुसरे माणूस निरीक्षक. प्रत्येक विक्री परवान्याची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी, असे नियम सांगतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये दर २०० विक्री परवान्यांमागे एक निरीक्षक असावा, अशी शिफारस केली होती. त्या प्रमाणाच्या जवळही राज्य गेलेले नाही. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत आणि माळशिरसपासून बार्शीपर्यंत मेडिकल पसरलेली आहेत. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात लाखोंची गर्दी होते, तेव्हा अन्न आणि औषध या दोन्ही शाखांचे मनुष्यबळ तिकडे लागते. मूठभर निरीक्षकांनी हे सगळे सांभाळायचे, म्हटल्यावर तपासणी तक्रार येईल तिथेच होते आणि रजिस्टरे कपाटात नुसती पडून राहतात.

काउंटरवर नजर ठेवून भागत नाही, हे सोलापूरनेच देशाला दाखवले. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी ठाण्यात पकडलेल्या इफेड्रिनचा माग काढला आणि तो सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यापर्यंत गेला. तिथे सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन जप्त झाले. पोलिसांनी त्याची किंमत २,००० कोटी रुपये सांगितली. इफेड्रिन हे मुळात औषध आहे. दम्यावर आणि चोंदलेल्या नाकावर त्याचा आणि त्याच्या भावंडाचा, स्यूडोइफेड्रिनचा, वापर होतो. पण थोड्या रासायनिक प्रक्रियेने त्यापासून मेथअँफेटामाइन हा भयंकर अमली पदार्थ तयार होतो. कारखान्यातला हा माल परदेशात त्याच कामासाठी जाणार होता, असा पोलिसांचा आरोप होता.

अशा पदार्थांवरची देखरेख अमली पदार्थ नियंत्रण ब्युरो, म्हणजे एनसीबी, करतो. २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशाखाली इफेड्रिन बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि वापरणाऱ्या प्रत्येकाला ब्युरोकडे नोंदणी करावी लागते, दर तीन महिन्यांनी हिशेब द्यावा लागतो आणि माल हलवताना त्याच्यासोबत कागद असावा लागतो. तत्त्व मेडिकलच्या रजिस्टरासारखेच: आले किती, गेले किती, उरले किती. तरीही टनांनी माल एका आवारात साचू शकला. तिमाही विवरणपत्र भरून पाठवले जाते, पण प्रत्यक्ष गोदामाशी ते ताडून पाहणारा कोणी नसेल, तर त्याचा उपयोग शून्य. एका मेडिकलमधून वर्षभरात बाहेर जाणाऱ्या गोळ्या पोत्यात मावतील. कारखान्यातून सुटणारा माल ट्रकने जातो. म्हणून देखरेखीचा भर साखळीच्या वरच्या टोकाला असायला हवा आणि आपल्याकडे तो नेमका उलटा आहे. छोट्या मेडिकलवर छापा पडल्याची बातमी लगेच छापून येते, स्टॉकिस्टच्या वर्षभराच्या विक्रीचे विश्लेषण मात्र क्वचितच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी पुन्हा चिंचोळीतच मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, बनवणारा कारखाना उघडकीस आणला. मेफेड्रोन हे औषध नाही. पण औषध उद्योगासाठी उभारलेली यंत्रे आणि रसायने त्याच वसाहतीत होती, हे विसरता येत नाही.

घाऊक विक्रीचे आकडे वेळेवर वाचले नाहीत, तर काय होते, याचे जगातले सर्वांत झणझणीत उदाहरण अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सापडते. केरमिट नावाच्या ३९२ लोकवस्तीच्या गावातल्या एकाच औषध दुकानाला दोन वर्षांत हायड्रोकोडोनच्या सुमारे ९० लाख गोळ्या पुरवल्या गेल्या. घाऊक विक्रेत्यांच्या नोंदी सरकारकडे जात होत्या. गावाची लोकसंख्या आणि गोळ्यांची संख्या शेजारी-शेजारी मांडण्याचे काम कोणी केले नव्हते. ते स्थानिक वर्तमानपत्राच्या एरिक एअर या बातमीदाराने केले आणि त्याला २०१७ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने वेगळा मार्ग घेतला. तिथे एप्रिल २०२० पासून धोक्याची औषधे लिहिण्यापूर्वी डॉक्टरला आणि देण्यापूर्वी फार्मासिस्टला ‘सेफस्क्रिप्ट’ या संगणक प्रणालीत रुग्णाची नोंद पाहणे बंधनकारक आहे. त्याच माणसाने गेल्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून तेच औषध घेतले असेल, तर ती नोंद पडद्यावर दिसते.

भारतात दोन मेडिकलची रजिस्टरे एकमेकांना दिसत नाहीत. सोलापूरच्या सात रस्ता भागातल्या दुकानात काय विकले गेले, ते पार्क चौकातल्या दुकानाला कळत नाही. मग अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात गेलेल्या चिठ्ठीची तर गोष्टच सोडा. परवाना राज्य देते, निरीक्षक राज्याचा असतो, आणि सीमेपलीकडच्या स्टॉकिस्टचे बिल तपासायचे तर दुसऱ्या राज्याला पत्र लिहावे लागते. चिठ्ठी मात्र सीमा पाळत नाही. विजयपूरच्या मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी सोलापुरात खरीच असते आणि बहुतेकदा ती आणणारा माणूसही खरा रुग्णच असतो. त्याला परत पाठवणे हा अन्याय. न पाहता औषध देणे हाही धोका. संगणकावर जोडलेली एच-वन नोंद हा त्यावरचा उपाय आहे, आणि बहुतेक दुकानांत बिल आता संगणकावरच निघते, हे पाहता तो अशक्यही नाही.

गेल्या काही वर्षांत जिल्हा पातळीवर समन्वय वाढला, हे नोंदवले पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नार्को समन्वय समिती, म्हणजे ‘एनकॉर्ड’, काम करते. तिच्या बैठकीत पोलीस, एफडीए, उत्पादन शुल्क, शिक्षण आणि आरोग्य ही खाती एकत्र बसतात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये आखलेल्या कृती आराखड्यानंतर राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत शेड्यूल एच आणि एक्समधली औषधे विकणाऱ्या दुकानांत सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश निघाले. कॅमेऱ्याने चेहरा मिळतो, गोळ्यांचा हिशेब मिळत नाही. त्यामुळे कॅमेरा हा रजिस्टरला जोड म्हणून चांगला, बदली म्हणून निरुपयोगी.

एका औषधावर बंधन आले, की गैरवापर करणारे दुसऱ्याकडे वळतात, हाही अनुभव पुन:पुन्हा येतो. ट्रामाडॉलवर बंधने आली, तेव्हा त्याच वर्गातले टॅपेन्टाडॉल पुढे आले. पंजाबात मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिनचा गैरवापर इतका वाढला, की अनेक जिल्ह्यांना तिच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल विकण्यास बंदी घालावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केले, की मुंबईतली एक औषध कंपनी टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची मिश्र गोळी बनवून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. त्यानंतर केंद्राने या मिश्रणाच्या निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या. यादीत नाव घालून थांबणारी यंत्रणा नेहमी एक पाऊल मागे राहते. विक्रीचा आलेख वाचणारी यंत्रणा नाव बदलले तरी उडी ओळखते.

कडक देखरेखीची किंमत रुग्ण मोजतात, आणि ही बाब सोलापूर जिल्ह्याने जवळून पाहिली आहे. बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीतच सुरू झाली. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिनसारखे दुसरे औषध नाही आणि त्याची गोळी महागही नाही. पण १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांचे जंजाळ इतके वाढले, की देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून १९९७ मध्ये वर्षाला अवघ्या १८ किलोंवर आला. गुन्हेगारांना त्याने काही फरक पडला नाही. तडफडले ते रुग्ण. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधांना ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ ठरवून मान्यताप्राप्त रुग्णालयांना एकाच नोंदणीवर ती ठेवण्याची मुभा दिली. एक चूक दुरुस्त करायला देशाला २९ वर्षे लागली. गर्भपाताच्या गोळ्यांचे महाराष्ट्रात असेच झाले. २०१२ च्या परळीतल्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर त्यांच्या विक्रीची इतकी कडक झडती होऊ लागली, की असंख्य मेडिकलनी त्या ठेवणेच सोडले आणि कायद्याने हक्क असलेल्या स्त्रियांचीही अडचण झाली. फिट येणाऱ्या मुलाला क्लोबाझम किंवा फिनोबार्बिटोनची गोळी एक दिवस चुकली, तरी झटका येऊ शकतो. अशा घरी दुकानदार संशयाने पाहू लागला किंवा ‘ही गोळी आम्ही ठेवत नाही’ म्हणू लागला, तर देखरेख हुकली असे समजावे.

औषध घेणाऱ्याच्या हातातही काही गोष्टी आहेत. झोपेची, चिंतेची किंवा तीव्र वेदनेची गोळी घेताना मूळ चिठ्ठी न्यावी, तिच्यावर शिक्का आणि तारीख मागून घ्यावी, बिल घ्यावे आणि रजिस्टरात आपले नाव लिहिले जात असेल तर राग मानू नये. उरलेल्या पट्ट्या घरात मुलांच्या हाताशी ठेवू नयेत आणि शेजाऱ्याला ‘लागली तर घ्या’ म्हणून देऊ नयेत. रोजची गोळी सुटत नसेल, तर ती स्वतःहून एकदम बंद करू नये. डॉक्टरच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते. चिठ्ठीशिवाय अशा गोळ्या विकणाऱ्या दुकानाची तक्रार एफडीएच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती १९३३ या राष्ट्रीय क्रमांकावर देता येते, आणि घरातल्या कुणाला गोळ्यांची सवय लागली असेल, तर १४४४६ या व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर सल्ला मिळतो.